निळा मफलर आणि पुतळा

२०१८ सालची मे महिन्याची सुट्टी. भाची आमच्याकडे राहायला आली होती, वय वर्षं आठ. दुपारी आंबा घेऊन ती टीव्हीसमोर बसायची आणि ‘मिरॅक्युलस’ ही कार्टून मालिका लावायची, तीही इंग्रजीतून. हिंदीत सगळे उगाच ओरडून बोलतात, असं तिचं मत. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. पडद्यावर अंधाऱ्या खोलीत, मोठ्या गोल खिडकीसमोर, मुखवटा घातलेला एक माणूस पांढऱ्या फुलपाखरांच्या थव्यात उभा राहून कसल्या तरी धमक्या देत होता. भाची कोय चोखता चोखता म्हणाली, “मावशी, हा ना ॲड्रियनचा बाबाच आहे.”

“कशावरून गं?”

“आवाज बघ ना त्याचा.”

बरोबर होतं तिचं. इंग्रजीत ॲड्रियनचा बाप गॅब्रिएल अग्रेस्त आणि तो मुखवटेवाला हॉक मॉथ या दोन्ही पात्रांना आवाज एकाच नटाचा आहे, कीथ सिल्व्हरस्टीनचा. फ्रेंचमध्येही दोघांचा आवाज एकच, आंत्वान तोमे यांचा. लपवायचंच असतं तर निदान आवाज तरी वेगळा घेतला असता.

ज्यांच्या घरात त्या वयाची मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थॉमा आस्त्र्यूक या फ्रेंच माणसाने रचलेली ही ॲनिमेशन मालिका. गोष्ट पॅरिसची, पण निर्मितीत कोरियन कंपनीही होती, आणि पहिला भाग आधी दक्षिण कोरियात दिसला, १ सप्टेंबर २०१५ रोजी, फ्रान्समध्ये ऑक्टोबरात. बेकरीवाल्याची मुलगी मॅरिनेट म्हणजे लेडीबग. तिच्याच वर्गातला ॲड्रियन, एका बड्या फॅशन डिझायनरचा एकुलता एक मुलगा, म्हणजे कॅट न्वार. दोघं मिळून शहर वाचवतात आणि दोघांनाही एकमेकांचं खरं रूप ठाऊक नसतं. वाचवायचं ते हॉक मॉथपासून. कोणाचा अपमान झाला, कोणी चिडलं, कोणी रडवेलं झालं की हा एक काळं फुलपाखरू सोडतो. ते त्या माणसाच्या एखाद्या वस्तूत शिरतं आणि तो माणूस हॉक मॉथच्या हातातलं हत्यार होऊन बसतो. फ्रेंचमध्ये त्याचं नाव नुसतं ‘ल पापियों’, म्हणजे फुलपाखरू. मराठी कानाला त्यात ‘पापी’ ऐकू येतो आणि मला तो चपखल वाटतो.

हा पापी म्हणजे ॲड्रियनचा बाप, हे मालिकेने २०१७च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात उघड केलं. केलं तेही मोठ्या हुशारीने. लेडीबगला गॅब्रिएलचा संशय येतो. ते ओळखून तो स्वतःवरच फुलपाखरू सोडतो, स्वतःच राक्षस होतो आणि लेडीबगकडून हरतो. जो स्वतःच बळी पडला तो गुन्हेगार कसा असेल? लेडीबगचा संशय फिटला. प्रेक्षकाला मात्र सगळं दाखवून झालेलं.

यावर मोठ्या वयाच्या प्रेक्षकांची तक्रार ठरलेली असते: यात कसला धक्का, पहिल्या सीझनपासूनच कळलं होतं. ही तक्रार मला कधीच पटलेली नाही. कळलं होतं, मग बिघडलं काय? मुलांच्या गोष्टीत खलनायक कोण हे शेवटपर्यंत दडवलंच पाहिजे हा नियम कोणी केला? ‘स्कूबी-डू’ १९६९मध्ये सुरू झालं तेव्हापासून दर भागाच्या शेवटी भुताचा मुखवटा ओढून काढतंय आणि आत कोणीतरी लबाड माणूस निघतोय. त्याची गंमत वेगळी, पण तेवढी एकच गंमत आहे असं नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण घ्या. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली, अलीकडच्या काळात वैभव मांगलेंनी. ती रंगमंचावर पाऊल टाकते तेव्हा ती कोण आहे हे सांगायची गरजच नसते. थिएटरातली पोरं खुर्चीत उभी राहून ओरडत असतात, कारण जे त्यांना दिसतंय ते नाटकातल्या पोरांना दिसत नसतं. आपल्याला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, या तिढ्यात मूल जितकं गुंतून जातं तितकं दुसऱ्या कशात गुंतत नाही.

उलट गेली काही वर्षं मुलांच्या सिनेमांत गोडगोड माणूस शेवटी अचानक खलनायक निघण्याची साथच आली आहे. ‘फ्रोझन’मधला (२०१३) हान्स त्यातला सगळ्यांना आठवणारा. पहिल्यांदा बघताना मुलं आ वासतात, दुसऱ्यांदा बघताना त्यांचा जीव फक्त गाण्यांत असतो. ‘मिरॅक्युलस’चा पहिला सीझन मात्र बाप कोण ते कळल्यावर परत बघितला तर वेगळाच दिसतो. लांबलचक जेवणाच्या टेबलावर ॲड्रियन एकटा बसलेला. बाप आहे घरातच, पण येत नाही. येते ती त्याची सेक्रेटरी नाताली, हातात दिवसभराचं वेळापत्रक घेऊन. चिनी भाषा, तलवारबाजी, पियानो, फोटोशूट. शाळेत जाऊ दे म्हणून मुलाने केलेली धडपड. आणि त्याच हवेलीत, वरच्या अंधाऱ्या खोलीत, बाप दुसऱ्या मुलांचे रुसवेफुगवे हुंगत उभा. परक्या पोरांच्या मनातलं दुःख ज्याला शहरभरातून जाणवतं, त्याला खाली जेवत बसलेला स्वतःचा मुलगा दिसत नाही. हा धक्का बाप कोण ते आधी कळल्याने कमी होत नाही, उलट आणखी बसतो.

दुसरी तक्रार पालकांची. लहान मुलांच्या कार्यक्रमात बापालाच खलनायक कशाला करायचं? मुलांच्या मनावर काय परिणाम होईल? ही काळजी मी समजू शकते, पण ती करणाऱ्यांनी होळीच्या आदल्या आठवड्यात आपण मुलांना कोणती गोष्ट सांगतो ते आठवावं. बाप मुलाला कड्यावरून लोटतो, हत्तीच्या पायी देतो, विष पाजतो, आत्या मांडीवर घेऊन आगीत बसते. प्रल्हादाची ही गोष्ट ऐकून आपल्या किती पिढ्या वाढल्या, आणि कोणी बापाला घाबरून घर सोडून गेल्याचं ऐकिवात नाही. ज्या मुलांच्या घरात खरोखरच हिरण्यकश्यपू होता त्यांना मात्र त्या गोष्टीतून काहीतरी मिळालं असणार: मोठा माणूस चुकू शकतो, जन्मदाता असला तरी. आपण मुलांना शिकवतो काय, तर अनोळखी माणसाने दिलेलं चॉकलेट घ्यायचं नाही. आणि इकडे २०१२चा पोक्सो कायदा मुलावर नातलगाने केलेला अत्याचार अधिक गंभीर धरतो, कारण कायदा करणाऱ्यांना घर काय असू शकतं ते ठाऊक होतं. तेव्हा खलनायक बाहेरून उडत येणारा परग्रहवासी न करता जिन्याच्या वरच्या मजल्यावर बसवला, याबद्दल मी या मालिकेला पूर्ण गुण देते.

माझं भांडण पुढे आहे.

पहिल्या सीझनमध्ये ॲड्रियनच्या वाढदिवसाचा एक भाग आहे. मॅरिनेटचा त्याच्यावर जीव. ती स्वतःच्या हाताने निळा मफलर विणते आणि त्याच्या घरी पोचवते. तिकडे गॅब्रिएल नातालीला विचारतो, मुलासाठी माझ्याकडून भेट आणलीस ना? तिने आणलेली नसते, तिला कोणी सांगितलेलंच नसतं. ती काय करते, मॅरिनेटचा मफलर बापाची भेट म्हणून मुलाच्या हाती देते. दुसऱ्या दिवशी ॲड्रियन गळ्यात मफलर घालून शाळेत येतो, चेहरा असा उजळलेला की विचारू नका. गेली तीन वर्षं बाबांनी तेच ते पेन दिलं होतं आणि यंदा हे! मॅरिनेट ऐकत उभी. तिची मैत्रीण चिडते, सांग ना त्याला. मॅरिनेट सांगत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद तिला काढून घ्यायचा नसतो.

फार सुंदर प्रसंग आहे. भाचीने तो पाहून “बिच्चारी” म्हटलं होतं आणि माझ्याही घशात काहीतरी अडकलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने केलेला हा त्याग, एका मफलरपुरता, कोणालाही मान्य व्हावा. पण लिहिणाऱ्यांना ही युक्ती इतकी गोड वाटली असावी की पाच सीझननंतर त्यांनी तीच पुन्हा वापरली आणि या वेळी तिच्या ओटीत मफलरऐवजी अख्खा बाप टाकला.

२०२३मध्ये पाचवा सीझन संपला. तोवर हॉक मॉथचा शॅडो मॉथ आणि शॅडो मॉथचा मोनार्क झाला होता. कॅट न्वारच्याच विध्वंसक स्पर्शाने झालेली जखम त्याच्या अंगभर पसरत चाललेली, म्हणजे मुलाच्या हातून नकळत बापाला मरण आलेलं. या सीझनमध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली: ॲड्रियन जादूने निर्माण केलेला मुलगा आहे, ती जादू अंगठ्यांत आहे, आणि अंगठ्या ज्याच्या हातात त्याचा हुकूम त्याला मोडता येत नाही. ‘माझ्या शब्दाबाहेर जायचं नाही’ म्हणणारे बाप आपल्याला नवे नाहीत, पण हे रूपक लहान मुलांच्या मालिकेत आणायला धाडस लागतं.

आणि मग शेवट. अंतिम लढाईत कॅट न्वार नाहीच. ॲड्रियनला बापाने लंडनला पाठवून एका खोलीत अडकवून ठेवलंय. लेडीबग एकटी लढते, गॅब्रिएलचं खरं रूप तिला कळतं, तो इच्छापूर्तीची जादू वापरतो. ज्या बायकोला परत मिळवण्यासाठी त्याने हा सगळा खटाटोप केला ती येत नाही. मरणाच्या दारातली नाताली वाचते आणि तो स्वतः जातो. त्यानंतर पॅरिसला सांगितलं जातं की गॅब्रिएल अग्रेस्त मोनार्कशी लढताना धारातीर्थी पडला. त्याचा पुतळा उभा राहतो. ॲड्रियनलाही हेच सांगितलं जातं. सांगणारी कोण, तर मॅरिनेट. आता ती त्याची प्रेयसी आहे, आणि बाप कोण होता, मेला कसा, तू स्वतः काय आहेस, यातलं काहीही ती त्याला सांगत नाही.

याने जगभरचे प्रेक्षक खवळले, आणि पहिल्या दोन तक्रारी मी बाजूला सारल्या असल्या तरी या तिसऱ्या तक्रारीत मी त्यांच्या बाजूने उभी आहे. इतकी वर्षं शहराला छळणाऱ्या माणसाला पुतळा, हा तर अन्याय आहेच. पण पुतळा ही नगरपालिकेची बाब झाली. चुकीच्या माणसांचे पुतळे उभारण्यात पॅरिस काही एकटं नाही. मला खुपतं ते हे, की सहा वर्षं आम्ही प्रेक्षक एक गुपित पोटात घेऊन बसलो, या भरवशावर की ज्याचं ते गुपित आहे त्याला एक दिवस ते मिळेल. नाटकातली पोरं ‘मागे बघ, मागे बघ’ ओरडतायत आणि नायकाने मागे वळून बघायच्या आत लेखकाने पडदा पाडला.

बचाव करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ते तिसऱ्या सीझनमधल्या ‘शा ब्लाँ’ या भागाकडे बोट दाखवतात. त्यात एका वेगळ्या भविष्यात ॲड्रियनला बाप कोण ते कळतं आणि तो असा कोसळतो की पॅरिस बुडतं, चंद्राचे तुकडे होतात. पाहा, म्हणतात, सांगितलं की काय होतं ते. पण त्या भागात सांगतो कोण? हॉक मॉथ स्वतः. मुलाला मोडण्यासाठी तो हे सत्य दगडासारखं फेकून मारतो आणि वर त्याच्यावर फुलपाखरू सोडतो. तेच सत्य जीव लावणाऱ्या मैत्रिणीने शेजारी बसून, हात हातात घेऊन सांगितलं तर? हा प्रयोग मालिकेने त्या शेवटापर्यंत केलाच नाही.

दुसरा बचाव जरा व्यावहारिक: मालिका पुढे चालू आहे, गुपित उरलं तर गोष्ट उरते. हे खरं आहे आणि तिथेच मला दुकानदारीचा वास येतो. या मालिकेची रचनाच अशी, की दर भागाच्या शेवटी लेडीबग आपली जादू आकाशात उडवते आणि मोडलेले पूल, फुटलेल्या काचा, सगळं पूर्ववत होतं. फुलपाखरू शिरलेल्या माणसाला आपण काय केलं ते आठवतही नाही. कबुतरांना दाणे टाकणारा एक गरीब गृहस्थ आहे, मिस्टर पिजन. त्याला हॉक मॉथने इतक्या वेळा राक्षस केलं की चौथ्या सीझनच्या एका भागाचं नावच ‘मिस्टर पिजन ७२’. बहात्तर वेळा! विनोद म्हणून ठीक आहे, मीही हसले. पण भाग कुठूनही बघायला सुरुवात केली तरी चालावी, म्हणून जिथे दर वेळी पाटी कोरी करतात, तिथे बापाच्या गुन्ह्यांचा हिशोबही त्याच ओल्या फडक्याने पुसला जातो. काच पुन्हा जोडता येते, मुलाचं तेरा वर्षांचं एकटेपण कुठल्या जादूने पूर्ववत होणार?

आणि हे लहान मुलांच्या मालिकेत जमत नाही असंही नाही. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ या अमेरिकन मालिकेत मे २०१८मध्ये उघड झालं की स्टीव्हनची दिवंगत आई, जिला सगळे देवासारखं पूजत होते ती रोझ क्वार्ट्झ, हीच पिंक डायमंड होती, म्हणजे जिच्याविरुद्ध बंड झालं तीच. तिथे हे मुलाला कळतं, आणि कळल्यावर लेखक त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. त्याचा राग, त्याची लाज, आईने मागे ठेवलेला पसारा निस्तरताना होणारी दमछाक, यावर पुढचे कितीतरी भाग खर्च होतात. शेवटी शेवटी तर तो इतका घुसमटतो की स्वतःच राक्षस होतो. मुलांनी ते पाहिलं. झेपलं त्यांना.

खुद्द ‘मिरॅक्युलस’च्या घरातच दुसरा शेवट पडून आहे. २०२३मध्येच आलेल्या तिच्या चित्रपटात गॅब्रिएलला कळतं की आपण ज्याच्याशी लढतोय तो कॅट न्वार आपलाच मुलगा आहे, आणि त्याचे हात गळून पडतात. बापलेक एकमेकांना ओळखतात. पटकथा म्हणून तो सिनेमा फार थोर नाही, गाणी जास्त आणि घाई फार, पण ती दोन मिनिटं मालिकेच्या शेवटापेक्षा प्रामाणिक आहेत.

मला राहून राहून प्रल्हादाकडेच यावंसं वाटतं. भागवतात नरसिंह हिरण्यकश्यपूला फाडतो तिथे गोष्ट संपत नाही, आपण मुलांना सांगताना ती तिथे संपवतो. पुढे नरसिंह प्रल्हादाला वर माग म्हणतो. तो मागतो काय, तर माझ्या बापाने तुझी निंदा केली, मला छळलं, त्या पापातून त्याला मोकळं कर. नरसिंह सांगतो, तुझ्यासारखा मुलगा झाला तिथेच तुझा बाप एकवीस पिढ्यांसह पावन झाला. बापाने केलेली एकूण एक गोष्ट प्रल्हादाला माहीत होती, अंगावर झेलली होती त्याने. म्हणून त्याच्या तोंडी ती क्षमा शोभते. ॲड्रियन बापाला क्षमा करील की पुतळ्याकडे पाठ फिरवील, हे ठरवायचा हक्क त्या पोराचा होता. तो त्याच्या माघारी, त्याच्या भल्यासाठी म्हणून, मरणारा बाप, त्याची सेक्रेटरी आणि एक प्रेमळ मुलगी या तिघांनी वापरून टाकला. कुंतीनेही कर्णाचं गुपित मुलांच्या भल्यासाठीच ठेवलं असेल. युद्धानंतर तर्पणाच्या वेळी ते कळल्यावर युधिष्ठिर आईचे आभार मानत नाही, शाप देतो.

मॅरिनेटला मी दोष देत नाही. मरणाऱ्या माणसाने शब्द घेतला की भलेभले गप्प बसतात, ती तर शाळकरी पोर. दोष द्यायचा तो तिच्या गप्प बसण्याला त्याग म्हणून हार घालणाऱ्या मोठ्या माणसांना. लेखकांनी तिला निदान रात्री झोप लागत नाही एवढं तरी शेवटाआधी दाखवायचं होतं. त्यांनी नाचगाणं आणि आनंदीआनंद दाखवला.

पाचव्या सीझनचा शेवट भाचीने आमच्याकडेच पाहिला. तोवर ती तेरा पुरी करून चौदाव्यात आली होती, मॅरिनेटच्याच वयाची. ‘मिरॅक्युलस’ बघते हे मैत्रिणींना कळू द्यायचं नसतं आता, म्हणून मावशीच्या घरी. पुतळ्याचं दृश्य आलं तसा तिने रिमोट उचलून ते थांबवलं. मला वाटलं पाणी प्यायला उठतेय. ती उठली नाही. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मावशी, म्हणजे हा आता शाळेत जाताना रोज याच्यासमोरून जाणार, आणि हिला माहीत असणार.”

मग तिने टीव्ही बंद केला. शेवटची तीन-चार मिनिटं अजून राहिली होती.